सामानाची यादी केली, कामाची केली का?

सहलीला जायचं ठरलं की आपल्या घरात आधी काय होतं? डबे निघतात! चिवडा, दशम्या, कोरडी चटणी, लोणच्याची बाटली आणि वर ‘असू दे, लागला तर’ म्हणून छोटा कुकर. मी कुणाला नावं ठेवत नाही हं. पस्तीस वर्षं मीही हेच करत आले. गणपतीपुळ्याला आम्ही तीनदा गेलो. तिन्ही वेळा सूर्य बुडताना मी लॉजच्या खोलीत स्टोव्हवर भात लावत होते. फोटोंत सगळे आहेत, फक्त मी नाही. आणि तेव्हा मला त्याचं काही वाटलंही नव्हतं.

वाटलं ते गेल्या वर्षी, मुलाकडे बोस्टनला गेले तेव्हा. सप्टेंबरात तीन दिवस अकेडिया नॅशनल पार्कला जायचं घाटत होतं. नॅशनल पार्क म्हटलं की आपल्याला वाघ आठवतो. हे पार्क समुद्राकाठचं आहे. मेन राज्यात एका मोठ्या बेटावर त्याचा बराचसा भाग पसरलाय. गुलाबीसर ग्रॅनाइटचे खडक, त्यांवर आपटणाऱ्या लाटा आणि थेट पाण्यापर्यंत उतरलेलं सूचिपर्णी झाडांचं जंगल. १९१६ साली या जागेला सरकारी संरक्षण मिळालं आणि १९२९ पासून तिचं नाव अकेडिया आहे. बोस्टनहून गाडीने पाच तास लागतात.

मुलगा उत्साहात म्हणाला, “आई, आपण आरव्ही भाड्याने घेऊ. चाकांवरचं घरच असतं ते. गॅस, फ्रीज, बाथरूम, सगळं आत. तुला त्रास नाही आणि आपल्याला घरचं गरम जेवण!”

सून काही बोलली नाही. नुसती हसली. ते हसू मी ओळखलं. माझंच होतं ते, पस्तीस वर्षांपूर्वीचं!

मी विचारलं, “अरे, त्या घरातला स्वयंपाक कोण करणार? भांडी कोण घासणार? आणि संडासाचं पाणी साठतं ना त्या टाकीत? ती कोण रिकामी करणार?”

“बघू ना तिथे गेल्यावर,” मुलगा म्हणाला.

मैत्रिणींनो, हे ‘बघू’ आपल्या चांगल्या ओळखीचं आहे. जे काम ‘बघू’वर सोडलं जातं ते शेवटी कुणाच्या पदरात पडतं, हे मी सांगायला नको. घर चाकांवर ठेवलं म्हणून घरकाम सुटत नाही. ते आपल्याबरोबर पाच तास प्रवास करून येतं, इतकंच.

मग आम्ही नीट माहिती काढली आणि आरव्हीची एकेक अडचण पुढे आली. पार्कातल्या फिरत्या रस्त्यावर जुने दगडी पूल आहेत. त्यांतल्या काहींखालून उंच गाडी जातच नाही. कॅडिलॅक डोंगराच्या माथ्यावर सूर्योदय बघायला सगळे जातात, पण त्या रस्त्याला आरव्ही नेऊ देत नाहीत. उन्हाळ्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पार्कात फुकट बस फिरते, पण तीही त्या माथ्यावर जात नाही. आम्हाला ज्या ब्लॅकवुड्स कँपग्राउंडवर उतरायचं होतं तिथे आरव्हीला विजेची जोडणी नाही आणि जनरेटर ठरावीक तासांतच लावता येतो. म्हणजे त्या चाकांवरच्या घरातला मिक्सरसुद्धा घड्याळ बघून फिरवायचा!

आरव्ही वाईट असं मी म्हणत नाही. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना रात्री दोनदा उठावं लागतं, त्यांच्यासाठी ती मोठीच सोय आहे. पण आम्ही तंबू आणि साधी गाडी घेऊन जायचं ठरवलं. माझ्यासाठी एक घडीची खाट घेतली. ब्लॅकवुड्समध्ये फ्लशचे संडास आहेत, आंघोळीला मात्र कँपबाहेर पैसे भरून जावं लागतं. म्हटलं, एक दिवस नाही केली आंघोळ तर देव काही रागावणार नाही.

मग सुनेने कागद घेतला. डावीकडे सामान लिहिलं, उजवीकडे कामं. आणि प्रत्येक कामापुढे एक नाव. रात्रीचा स्वयंपाक आणि भांडी: मुलगा. अट एकच, एका पातेल्यात होईल ते करायचं. तंबू ठोकणं, पाणी आणणं: नातू. बुकिंग आणि ड्रायव्हिंग: सून. कँपची जागा तर काही महिने आधीच धरलेली होती. कॅडिलॅकवर गाडी न्यायला २०२१ पासून वेगळं आरक्षण लागतं. थोडी आरक्षणं नव्वद दिवस आधी मिळतात, बाकीची दोनच दिवस आधी सकाळी दहाला उघडतात. सून त्यासाठी दहाच्या आधीपासून फोन हातात धरून बसली होती.

माझ्या नावापुढे काहीच नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटलं. म्हणजे आता माझा उपयोग नाही? आपल्याला कामाचा कंटाळा येतो आणि काम काढून घेतलं तर जीवही दुखतो. हेही आपणच एकदा तपासून बघायला हवं.

तेवढ्यात सून म्हणाली, “आई, भरती-ओहोटी तुम्ही सांभाळा. तुम्ही कोकणातल्या. आम्हाला त्यातलं काही कळत नाही.”

आणि ते खरंच महत्त्वाचं काम होतं. तिथल्या बार हार्बर गावाजवळ एक छोटं बेट आहे. ओहोटीला मधला खडी-वाळूचा पट्टा उघडा पडतो आणि चालत पलीकडे जाता येतं. खालच्या ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर दीड तास, एवढाच वेळ हातात असतो. तिथे गाडी उभी करून गेलेल्यांच्या गाड्या बुडाल्या आहेत. तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढायचं आपलं गणित तिथे जसंच्या तसं चालत नाही. पण भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, ते सगळीकडे सारखंच. मी छापील तक्ता घेतला, वेळा लिहून काढल्या. बेटावर सगळे फोटोंत रमले होते तेव्हा मीच म्हटलं, “उठा आता!” परतताना दोन्ही बाजूंनी पाणी जवळ येत होतं. आजीने सांगितलेलं ऐकलं, याचं नातवाला भारीच कौतुक.

सरपण आम्ही तिथेच विकत घेतलं. बाहेरच्या राज्यातली लाकडं मेनमध्ये न्यायला बंदी आहे, कारण त्यांतून झाडं पोखरणारे किडे येतात. त्या शेकोटीवर मुलाने खिचडी केली. बुडाला लागली होती. मी गप्प बसून खाल्ली आणि पातेलं घासायला उठले नाही. ते न उठणंच सगळ्यात अवघड गेलं!

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही कॅडिलॅकवर होतो. उंची दीड हजार फुटांच्या आसपास, वारा बोचरा, मी दोन शालींत गुंडाळलेली. समुद्रातून सूर्य वर आला तेव्हा माझ्या हातात झारा नव्हता, चहाचा कप होता. तोही मुलाने थर्मासमध्ये भरून आणलेला.

तुम्ही अकेडियाला जाल न जाल. पण तारकर्लीला जाल, दिवेआगरला जाल. निघण्याआधी सामानाच्या यादीशेजारी कामाची यादी करा आणि प्रत्येक कामापुढे नाव लिहा. सगळीकडे आपलंच नाव येत असेल, तर कागद घरातल्या सगळ्यांपुढे ठेवा. भांडायची गरज पडत नाही. कागद वाचला की मंडळी आपोआप गप्प होतात.

आणि हो, त्या यादीत एका ओळीपुढे आपलं नाव नक्की लिहा: सूर्यास्त बघणे.