रूप वेगळं, जीव एकच!



एका पावसाळ्यात आमच्या पुलगावच्या शाळेत चौथीची दोन मुलं काचेची बरणी घेऊन आली. "बाई, मासोळ्या!" आत काळे, शेपटीवाले जीव वळवळत होते. मी म्हटलं, "बरणी खिडकीत ठेवू. रोज पाहा." काही दिवसांनी त्यांना मागचे पाय फुटले, मग पुढचे. शेपूट आखडली आणि वर्गात एकच गलका झाला, "अरे, हे तर बेडूक!"

अशीच फसगत मोठमोठ्या शास्त्रज्ञांचीही झाली होती बरं का! ती केली समुद्रातल्या एका तांबड्या शेवाळाने. त्याचं नाव पोर्फायरा. थंड किनाऱ्यावरच्या खडकांना ते चिकटून वाढतं. पतंगाच्या कागदासारखं अगदी पातळ! याच्याच भाऊबंदांपासून जपानमध्ये 'नोरी' बनवतात आणि भाताभोवती गुंडाळून खातात. पण उन्हाळ्यात हे शेवाळ गायब व्हायचं. कुठे? कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे पुढचं पीक येईल की नाही, याचा कोळ्यांना भरवसा नसे.

हे कोडं सोडवलं इंग्लंडच्या कॅथलीन ड्रू-बेकर यांनी. लग्न झालेल्या स्त्रियांना मँचेस्टर विद्यापीठात तेव्हा नोकरीत ठेवत नसत. त्यामुळे १९२८ मध्ये लग्नानंतर त्यांची पगारी जागा गेली, पण अभ्यास त्यांनी सोडला नाही. पोर्फायराचे बीजाणू त्यांनी शिंपल्यांसोबत वाढवले. ते शिंपल्यात शिरले आणि त्यांचे गुलाबी धागे झाले. या धाग्यांना सगळे आजवर वेगळीच वनस्पती समजत होते! १९४९ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं. मग जपानी लोक शिंपल्यांतच नोरीचं 'बी' तयार करू लागले. बाई जपानला कधीच गेल्या नाहीत. पण तिथल्या कोळ्यांनी १९६३ मध्ये उटो गावी त्यांचं स्मारक उभारलं. दरवर्षी १४ एप्रिलला तिथे त्यांची आठवण काढतात.

आता उलटी गंमत ऐका. आपल्या कोकणातही पावसाळ्यात खडकांवर असंच तांबूस, झिरझिरीत शेवाळ उगवतं. दिसायला नोरीसारखंच, म्हणून दोघांना पोर्फायरा म्हणत. पण या शेवाळाची पात एक-दोन पेशींएवढीच जाड. नुसत्या डोळ्यांनी नातं ओळखायचं तरी कसं? मग शास्त्रज्ञांनी डीएनए तपासले. २०११ साली दोघांना पोर्फायरातून काढून पायरोपिया या गटात घातलं. २०२० साली पुन्हा वाटणी झाली. नोरी गेली निओपायरोपियात, आणि आपलं कोकणातलं शेवाळ फायकोकॅलिडियात, उबदार समुद्रातल्या भावंडांकडे!

म्हणजे बघा, वेगळे दिसणारे दोघे एकच निघाले आणि सारखे दिसणारे दोघे वेगळ्या घरचे!

तुम्हीही एक करून पाहा. लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी एखादी अळी सापडते का, शोधा. सापडली तर तिला हात लावू नका. वहीत तारीख टाकून रोज तिचं चित्र काढा. शेवटचं चित्र कशाचं असेल, ते मात्र मी आज सांगणार नाही!

तुमच्या बाई