पाठ फिरवलेला प्रेक्षक

सायकलींची शर्यत पाहण्यासाठी रस्त्याच्या कडेला जाऊन तिष्ठणे हा निव्वळ वेडेपणा होय, असे म्हणणारे शहाणे पुष्कळ आहेत. त्यांचा हिशेब वरकरणी बिनतोड वाटतो. १९०३ साली सुरू झालेली फ्रान्समधील ‘टूर द फ्रान्स’ घ्या. सपाटीवर सारा जथा अर्ध्या मिनिटात डोळ्यांपुढून निघून जातो. तेवढ्यासाठी पाच-सहा तास उन्हात उभे राहायचे! घरी दूरचित्रवाणीपुढे बसणाऱ्याला मात्र हेलिकॉप्टरमधून टिपलेली शर्यत आरामात दिसते. मग शहाणा कोण?

शर्यत किती दिसली याचा हा हिशेब झाला. कोणाची दिसली, हे त्यात कोणी विचारलेलेच नाही. कॅमेरा हा आघाडीवरच्यांचा भाट असतो. आल्प द्वेझचा घाट १९५२ साली प्रथम या शर्यतीत आला आणि फाउस्टो कॉपीने तो जिंकला. सुमारे चौदा किलोमीटरांची चढण, एकवीस वळणे. येथे वेग मंदावतो, जथा फुटतो आणि स्वार एकेक करून येऊ लागतात. पहिला वर पोचून गेल्यावर कितीतरी वेळाने मागचे येतात. ठरलेल्या वेळेत न पोचल्यास नाव कमी होणार, या धास्तीने ते दात-ओठ खात चढत असतात. तोवर पडद्यावर विजेत्याचे कौतुक सुरू झालेले असते. त्या शेवटच्या माणसासाठी टाळी वाजते ती रस्त्याच्या कडेलाच.

आणि ही कडा कोणाच्या मालकीची नसते. आपणां सरकारी मंडळींना खेळ पाहायचा तो निमंत्रणपत्रिकेवर, हुद्द्याप्रमाणे मांडलेल्या खुर्चीत. घाटातल्या वळणावर ना तिकीट, ना पास. जो आधी आला, त्याची जागा.

परंतु फुकट मिळालेल्या हक्काची किंमत ठेवायची असते, हे अनेकांना उमगत नाही. १९९९ साली याच घाटात आघाडीवर असलेल्या ग्वेरिनीच्या वाटेत एक छायाचित्रांचा हौशी येऊन उभा राहिला आणि ग्वेरिनी त्याच्यावर आदळून पडला. उठून त्याने तो टप्पा जिंकला, ही त्याची पुण्याई, प्रेक्षकाची नव्हे. २०२१ साली ब्रिटनीत पहिल्याच टप्प्यावर एक बाई फलक घेऊन रस्त्यात आली. तिचे तोंड कॅमेऱ्याकडे होते, पाठ स्वारांकडे. टोनी मार्टिन त्या फलकावर आदळला आणि त्याच्यामागे डझनावारी स्वार कोसळले. या प्रेक्षकाला शर्यत पाहायचीच नव्हती. त्याला दिसायचे होते. घरबशा मंडळींचा पडदाच तो रस्त्यावर घेऊन आला होता.

याची किंमत सर्वांना मोजावी लागेल. पुई द दोमच्या चढावर १९७५ साली एका प्रेक्षकाने एडी मर्क्सला ठोसा मारला. १९८८ नंतर २०२३ साली शर्यत तेथे परतली, तेव्हा शेवटचे चार किलोमीटर प्रेक्षकांना बंद होते. वाट अरुंद आणि डोंगर संरक्षित, म्हणून. हे कारण रास्तच होते. तथापि त्या ओस कडा पाहून कोणाही रसिकाला चर्र व्हावे. आपण एक पाऊल मागे सरलो नाही, तर उद्या सगळेच घाट तसे ओस पडतील.

तेव्हा बदलीच्या गावावरून कधी अशी शर्यत गेलीच, तर मांडवातली खुर्ची सोडून चढावर जाऊन उभे राहावे. आणि शेवटचा स्वार गेल्याखेरीज घरी परतू नये.