दुखत नाही, म्हणून तपासायचं नाही?



उसाचं सोडून ऊसविकास खात्याला बायकांच्या तपासणीचं काय पडलंय, असं कोणी म्हणेल. पण आमचं निम्मं काम तपासणीचंच. बेणेमळा वरून हिरवागार असला तरी आम्ही सरीसरीतून फिरतो. काणीचं एखादं बेट सापडलं की तेवढंच उपटायला लावतो. साऱ्या फडात रोग दिसेपर्यंत थांबलो, तर बेणं हातचं गेलंच म्हणा.

घरातल्या बाईच्या बाबतीत मात्र आपण दुखेपर्यंत थांबतो. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, आणि इथंच घात होतो. भारतातील स्त्रियांत हाच कर्करोग सर्वांत जास्त आढळतो. २०२२ साली सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचा अंदाज आहे.

तपासणीला मोठं यंत्रच लागतं असं नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष आले. तपासलेल्या गटात रोग लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तेवढा फरक दिसला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

शासनाच्या २०१६ च्या सूचनांत ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी सांगितली आहे. आमचं मत असं, की गावोगावचा तपासणीचा दिवस गळीत हंगामापूर्वीच ठरावा. ऊसतोडणीच्या भगिनींची तपासणी मात्र हंगामात, तळावरच व्हावी. त्या हंगामात गावी नसतात आणि इथं परक्या. दोन्हीकडच्या यादीतून सुटतात.

गाठ म्हणजे कर्करोगच, असं नव्हे. बहुतेक गाठी साध्या असतात. पण ते ठरवायचं डॉक्टरांनी, शेजारणीनं नाही. तपासणी चांगली आली तरी पुढे गाठ लागली, कातडी ओढली गेली किंवा स्तनाग्रातून रक्त आलं, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नये.

लागणीची नोंद द्यायला आपण किती लगबगीनं येतो! तशीच घरातल्या माउलीची नोंदही आरोग्य केंद्रात करावी, एवढीच आमची विनंती.