कपाळावरची रेघ : फ्रॅक्चर की जन्मजात शिवण?

डोक्याला मार लागलेला पेशंट आला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डाक्टरसाहेब, कवटी तर नाही ना फुटली?" प्रश्न साधा, पण त्याचे उत्तर एक्स-रेवरून देताना आम्हा डॉक्टरांचीही चूक होऊ शकते.

काही वर्षांपूर्वी धुऱ्याच्या भांडणात काठी लागलेला एक तरुण माझ्याकडे आला. बाहेरून आणलेल्या रिपोर्टवर "कपाळाच्या हाडाचे फ्रॅक्चर" असे लिहिले होते. घरात रडारड सुरू होती आणि समोरच्या पक्षालाही घाम फुटला होता. त्याचे कारण कायद्यात आहे. हाड मोडले तर ती "गंभीर दुखापत" ठरते. पूर्वी हे भारतीय दंड संहितेच्या कलम 320 मध्ये होते, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 मध्ये आहे. म्हणजे एका शब्दावर दोन घरांचे भवितव्य टांगलेले!

मी फिल्म उजेडात धरली. रेघ नाकाच्या मुळापासून कपाळाच्या बरोबर मध्यावरून सरळ वर गेलेली, कडा नागमोडी, दातेरी. काठी मात्र उजव्या भुवईच्या बाहेर बसली होती. सूज तिथेच, जखमही तिथेच. रेघेच्या जागी साधे खरचटलेलेही नव्हते. त्याला अकोल्याला पाठवून सी.टी. स्कॅन करून घेतला. फ्रॅक्चर नव्हतेच, ती जन्मजात शिवण होती.

आपली कवटी म्हणजे एकसंध मडके नव्हे. मेंदूभोवती आठ आणि चेहऱ्याची चौदा अशी बावीस हाडे असतात आणि त्यांच्या जोडांना आम्ही शिवणी म्हणतो. जन्मताना कपाळाचे हाड दोन तुकड्यांत असते. बहुतेकांमध्ये मधली शिवण पहिल्या वर्षातच बुजते, पण काहींमध्ये ती म्हातारपणापर्यंत तशीच राहते. त्याने काहीही त्रास होत नाही. हा आजार नाही, व्यंग नाही, त्याला औषधही नाही.

काहींच्या शिवणींत छोटी जादा हाडेही असतात. सतराव्या शतकातल्या ओले वर्म या डॅनिश डॉक्टरांच्या नावाने ती ओळखली जातात. एक-दोन असली तर दुर्लक्ष करा. पण लहान मुलात ती खूप असतील, हाडे सारखी मोडत असतील किंवा वाढ खुंटली असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ठिसूळ हाडांचा जन्मजात आजार किंवा थायरॉईडची कमतरता त्यामागे असू शकते.

आता माझे स्पष्ट मत. कवटीच्या साध्या एक्स-रेवरील एका रेघेवरून पोलीस केसचा दाखला लिहू नये. मार कुठे बसला, सूज कुठे आहे, रेघ कुठे आहे, हे जुळवून पाहावे आणि शंका असेल तर सी.टी. करावा. नातेवाइकांनीही "साहेब, जरा फ्रॅक्चर लिहा ना" असा आग्रह धरू नये. हा आग्रह मी अनेकदा ऐकला आहे. चहा पाजून परत पाठवतो.

मात्र याचा उलटा अर्थ काढू नका. फ्रॅक्चर नसतानाही मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. मार लागल्यावर वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, झटका, बोलण्यात गोंधळ, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, यातले काहीही दिसले तर रात्र काढू नका. "सकाळी पाहू" म्हणून थांबलेले पेशंट मी गमावलेले आहेत. एक्स-रे नॉर्मल असला तरी निघा.

त्या तरुणाला मी चिठ्ठीवर ठळक अक्षरात लिहून दिले, "कपाळात जन्मजात शिवण आहे, फ्रॅक्चर नाही." ती सी.टी.च्या फिल्मसोबत जपून ठेवायला सांगितली, म्हणजे पुढे कधी डोक्याचा फोटो काढावा लागला तर आधी ती दाखवता येईल.