परवाना सर्वांचा, किल्ल्या कंपनीच्या

मुक्त-स्रोत संगणक-आज्ञावलीच्या क्षेत्रात मालकीचा प्रश्नच निकालात निघाला आहे, असा डांगोरा गेली पंचवीसएक वर्षे पिटला जात आहे. आज्ञावली सर्वांना खुली असताना मालक कोण नि राबणारा कोण हा भेद उरतोच कोठे, असा या मंडळींचा सवाल! ‘टीविकी’चा इतिहास या सवालाला चोख उत्तर देतो.

विकी म्हणजे वाचकालाच पान लिहिण्याची व दुरुस्त करण्याची मुभा देणारी व्यवस्था. १९९५ साली अमेरिकेत वॉर्ड कनिंगहॅम यांनी ती प्रथम खुली केली. कचेऱ्यांच्या अंतर्गत कामासाठी पीटर थोएनी यांनी १९९८ साली ‘टीविकी’ सुरू केली. तिचे वाटप ‘जीएनयू जनरल पब्लिक लायसन्स’खाली होई. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या या परवान्यान्वये कोणालाही आज्ञावली वापरता, तपासता, बदलता व वाटता येते. मात्र बदललेली प्रत वाटणाऱ्याने तेच हक्क पुढच्याला दिलेच पाहिजेत. या भरवशावर अनेकांनी दहा वर्षे श्रम ओतून टीविकी वाढवली.

आणि २७ ऑक्टोबर २००८ रोजी काय घडले? टीविकी.नेट या कंपनीने प्रकल्पाच्या संकेतस्थळाची सूत्रे हाती घेतली. जुन्या सहकाऱ्यांचा प्रवेश बंद झाला. नव्या अटी मान्य करा, तरच आत या, असे फर्मान निघाले. आज्ञावली सर्वांची होती. पण नावाचे व्यापारचिन्ह संस्थापकाचे नि दाराच्या किल्ल्या कंपनीच्या! परवान्याला हात न लावता टाळेबंदी करता आली, ती यामुळेच.

प्रकल्पाला शिस्त लावायची तर सूत्रे एका हाती हवीत, असा बचाव अशा वेळी केला जातो. शिस्त हवी, यात वाद नाही. परंतु ज्यांच्या श्रमांवर प्रकल्प उभा आहे त्यांनाच दाराबाहेर काढणे, याला शिस्त म्हणत नाहीत.

बहुसंख्य प्रमुख विकासक आज्ञावली घेऊन बाहेर पडले व त्यांनी ‘फॉसविकी’ उभी केली. परवाना नसता तर दहा वर्षांचे श्रम कंपनीच्या घशात गेले असते. म्हणून परवान्याला कागदाचा कपटा समजणारे चुकतात. परंतु नाव व संकेतस्थळ मागेच सोडावे लागले. म्हणून परवान्यालाच मुक्ती समजणारेही तितकेच चुकतात.

परवान्याची मर्यादा येथेच संपत नाही. बदललेली आज्ञावली इतरांना न देता स्वतःच्या सर्व्हरवर चालवून केवळ सेवा विकणाऱ्याला ते बदल उघड करण्याचे बंधन नाही. ही पळवाट बुजवण्यासाठी ‘जीएनयू अफेरो’ परवाना २००७ साली आला. मराठी विकिपीडिया ज्या ‘मीडियाविकी’वर चालतो, ती मात्र आजही जुन्याच परवान्याखाली आहे.

तेव्हा ‘खुले’ या शब्दाने भुलून चालणार नाही. नाव कोणाचे, सर्व्हर कोणाचा आणि निर्णय कोणाचा, हे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. आणि तेही टाळे पडल्यावर नव्हे, श्रमाला हात घालण्यापूर्वी!