बेबबाईंचा अखेरचा मोठा विजय



गोल्फ हा खेळ आपल्या गावांत कोणी खेळत नाही, आणि त्यातील बारकावे मलाही कळत नाहीत. विस्तीर्ण हिरवळीवर दूरदूर अठरा लहान खळगे असतात. काठीने चेंडू टोलवीत तो एकेका खळग्यात घालावयाचा. ज्याचे टोले कमी, तो जिंकला. आजच्या हकीकतीपुरते एवढे ज्ञान पुरे.

अमेरिकेतील टेक्सास प्रांतात, नॉर्वेहून येऊन स्थायिक झालेल्या एका सुताराच्या घरी १९११ साली मिल्ड्रेड डिड्रिक्सन ही कन्या जन्मली. सात भावंडांतील ती सहावी. बापाने मुलांसाठी अंगणात स्वतःच्या हातांनी व्यायामाची साधने उभारून दिली होती. ते श्रम वाया गेले नाहीत. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भालाफेक आणि अडथळ्यांची शर्यत यांत तिने सुवर्णपदके, तर उंच उडीत रौप्यपदक मिळविले. त्यानंतर ती गोल्फकडे वळली. जॉर्ज झहारियास या कुस्तीगीराशी विवाह झाल्यावर जग तिला बेब झहारियास म्हणून ओळखू लागले.

१९५३ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, बेबबाईंना आतड्याचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. शस्त्रक्रिया झाली, मलविसर्जनासाठी पोटावर नवी वाट काढावी लागली. रोग गाठींपर्यंत पसरला होता. ही गोष्ट डॉक्टरांनी त्यांच्या पतीला सांगितली, त्यांना मात्र नाही.

आजाऱ्यांच्या घरी जाण्याचा प्रसंग मला नेहमीच येतो. ओसरीवर सर्वांना ठाऊक असते. आतल्या खाटेवर निजलेल्यालाच तेवढे ठाऊक नसते. घरची माणसे प्रेमापोटीच गप्प राहतात, म्हणून मी त्यांना दोष देत नाही. परंतु बेबबाईंनी स्वतः काय केले ते पाहा. त्या काळी अमेरिकेतही या रोगाचे नाव लोक दबक्या आवाजात घेत. या बाईंनी ते वर्तमानपत्रांतून उघड होऊ दिले. ज्यांच्यापासून अर्धे सत्य लपविले गेले, त्यांनी आपल्याजवळचे काहीच लपविले नाही.

शस्त्रक्रियेनंतर चार महिने होण्यापूर्वीच त्या पुन्हा मैदानात उतरल्या. १९५४ च्या जुलैमध्ये मॅसॅच्युसेट्स प्रांतातील पीबडी येथे, सेलम कंट्री क्लबच्या मैदानावर, अमेरिकेची महिला खुली स्पर्धा झाली. अखेरच्या दिवशी एकाच दिवसात ३६ खळगे खेळावयाचे होते. धडधाकट माणूसही थकून जावा इतकी ती चाल. बेबबाईंनी चार फेऱ्या २९१ टोल्यांत पूर्ण केल्या. दुसऱ्या क्रमांकाच्या बेटी हिक्स यांना ३०३ लागले. बारा टोल्यांचे अंतर!

या खेळातील मोठ्या स्पर्धांपैकी हा त्यांचा दहावा आणि अखेरचा विजय. १९५५ मध्ये त्यांनी आणखी दोन लहान स्पर्धा जिंकल्या. त्याच वर्षी रोग परतला. २७ सप्टेंबर १९५६ रोजी टेक्सासमधील गॅल्व्हस्टन येथील रुग्णालयात, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्या आजारातही गोल्फच्या काठ्यांची पिशवी त्यांनी आपल्या खोलीतून हलवू दिली नव्हती.