बॅकअप झालाय म्हणे!

"आधीची रीडिंग्ज आहेत का?" डॉक्टरांनी विचारलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि मी माझ्या मोबाईलकडे.

किस्सा असा. बाबांना शुगर निघाली तेव्हा ठरलं की रोज सकाळी उपाशीपोटी जो आकडा येईल तो त्यांनी मला चॅटवर टाकायचा. ते साताऱ्याला, मी हिंजवडीत. बाबा रिटायर्ड मास्तर, त्यामुळे एक दिवस खाडा नाही. शिवाय आकड्यापुढे शेरा. "१४२. काल वास्तुशांतीचं जेवण." "११८. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत चालून आलो." "१६३. आईला सांगू नकोस." असे चौदा महिने. मग जुलैमध्ये एका संध्याकाळी माझा फोन पावसात भिजला तो गेलाच. नवीन घेतला, नंबर टाकला, बॅकअप परत आणायचा का असं ॲपने विचारलं, मी ऐटीत 'हो' दाबलं. आला की बॅकअप! फक्त तो जवळजवळ चौदा महिन्यांपूर्वीचा होता. क्लाउडवरची जागा तेव्हाच भरली होती, आणि 'बॅकअप होऊ शकला नाही' हे नोटिफिकेशन मी वर्षभर बोटाने बाजूला सारत होतो. पहिल्या आठवड्याचे आकडे हाती लागले, बाकी सगळं पाण्यात. अक्षरशः.

बाबांच्या फोनमध्ये असतीलच की, असं मलाही वाटलं. पण त्यांचा फोन स्लो झाला म्हणून त्यांनी तो नाक्यावरच्या मोबाईलवाल्याकडे नेला होता, आणि त्या पोराने पन्नास रुपयांत सगळे चॅट साफ करून फोन 'फास्ट' करून दिला होता. दवाखान्यातून बाहेर पडताना बाबा एवढंच म्हणाले, "अरे, तुझ्याकडे आहेत म्हणून मी वहीत लिहिले नाहीत. तू कॉम्प्युटरवाला ना."

यातली खरी गंमत म्हणजे मी पोटापाण्यासाठी डेटाबेसच सांभाळतो! दुसऱ्यांचे. ज्या बॅकअपवरून कधी रिस्टोअर करून बघितलेलं नाही त्याला बॅकअप म्हणू नये, हे टीममधल्या नवीन पोरांना मी अगदी छाती काढून ऐकवतो. तेव्हा चूक माझी, कान पकडले. पण कान पकडून झाल्यावर डोकं शांतपणे चालायला लागलं आणि एक प्रश्न काही जाईना. समजा मी शहाण्यासारखा वागलो असतो, जागा विकत घेतली असती, हिरवी खूण रोज बघितली असती, तर माझ्याकडे नेमकं काय असतं?

व्हॉट्सॲपचंच उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडे चॅट म्हणजे तेच. अँड्रॉइडवर ते रोज पहाटे दोनच्या सुमारास फोनमध्येच एक प्रत काढतं. आतला माल म्हणजे साधा एसक्यूलाइट डेटाबेस. हा इतका उघड आणि टिकाऊ फॉरमॅट आहे की अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस डेटा जतन करण्यासाठी त्याची शिफारस करते. पण तो आपल्याला तसा मिळत नाही. मिळते ती कुलूप लावलेली फाईल, नावाच्या शेवटी क्रिप्ट१४, क्रिप्ट१५ असं काहीतरी. आणि किल्ली? ती ॲपच्या खाजगी फोल्डरमध्ये. फोन रूट केल्याशिवाय तिथे तुम्ही जाऊ शकत नाही. म्हणजे घर तुमचं, कपाट तुमचं, कपाटातली पत्रं तुमची, आणि किल्ली वॉचमनच्या खिशात!

क्लाउडवरची प्रत तर त्याहून भारी. गूगल ड्राइव्हमध्ये जाऊन बघा. बॅकअप आहे हे दिसतं, किती एमबीचा आहे हे दिसतं, तो डिलीट करायचीही सोय आहे. डाउनलोड करायची मात्र नाही. २०१८ मध्ये सांगितलं की हा बॅकअप तुमच्या जागेत मोजणार नाही, बिनधास्त ठेवा. लोकांनी पाच वर्षं बिनधास्त ठेवलं, व्हिडिओंसकट. मग २०२४ पासून तो १५ जीबीच्या फुकट कोट्यात मोजायला सुरुवात. सवय लागल्यावर भाडं. अहो, भाडं द्यायलाही माझी ना नाही, पण भाडेकरूला स्वतःचं सामान टेम्पोत भरून नेता आलं पाहिजे की नको?

"एक्स्पोर्ट चॅट आहे की!" आहे. एकेक चॅट उघडायचं, तीन टिंबं, मोअर, एक्स्पोर्ट. दोनशे चॅट असतील तर दोनशे वेळा. मीडियासकट शेवटचे १०,००० मेसेज आणि मीडियाशिवाय ४०,००० ही मर्यादा त्यांच्याच मदतपानावर कित्येक वर्षं लिहिलेली होती. हाती येते ती टेक्स्ट फाईल, ज्यात कुठला रिप्लाय कुठल्या मेसेजला होता याचा पत्ता नसतो. ही फाईल परत ॲपमध्ये घालता येत नाही. खात्याची माहिती मागवायची सोयही आहे, पण त्या अहवालात मेसेज नसतात. अँड्रॉइडवरून आयफोनवर चॅट न्यायची अधिकृत सोय यायला २०२२ उजाडलं. कंपनी २००९ ची! तेरा वर्षं जगातले हुशार इंजिनिअर हे करू शकत नव्हते यावर तुमचा विश्वास बसतो? माझा नाही बसत. ज्याला जाता येत नाही तो कुठे जात नाही, एवढं साधं गणित आहे.

आता आपलेच धंदेबंधू म्हणतील, एन्क्रिप्शन सुरक्षेसाठी असतं रे बाबा. बरोबर. २०१४ मध्ये एका डच माणसाने दाखवून दिलं होतं की एसडी कार्डवर पडलेला व्हॉट्सॲपचा डेटाबेस दुसरं कुठलंही ॲप उचलून वाचू शकतं. म्हणजे कुलूप हवंच. माझं भांडण किल्लीवरून आहे. २०२१ पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप आला, त्यात पासवर्डऐवजी ६४ अंकी किल्ली घ्यायचा पर्याय आहे. ती किल्ली कागदावर उतरवून घेतली तर फोनमधली क्रिप्ट१५ फाईल लोकांनी लिहिलेल्या ओपन सोर्स साधनांनी आपल्या कॉम्प्युटरवर उघडता येते. म्हणजे किल्ली युजरच्या हातात दिली म्हणून सुरक्षा कोसळली नाही. फक्त उघडायचं काम कंपनीने केलेलं नाही, कोणा अनोळखी माणसाने फावल्या वेळात केलंय. (किल्ली हरवली तर मात्र कोणीही मदत करू शकत नाही. त्यामुळे ती फोनमध्येच नोट करून ठेवू नका, प्लीज.)

टेलिग्रामने २०१८ मध्ये डेस्कटॉपवरून सगळं एका झटक्यात एचटीएमएल नाहीतर जेसनमध्ये उतरवायची सोय दिली. म्हणजे करता येतं. करायचं असेल तर.

आणि पूर्वी येत नव्हतं असंही नाही. माझा मावसभाऊ माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. तो पुण्यात आणि वहिनी बंगलोरला असताना दोघांचं सगळं जीटॉकवर चालायचं. जीटॉक २००५ चं, एक्सएमपीपी या खुल्या प्रोटोकॉलवर चालायचं आणि 'ऑफ द रेकॉर्ड' केलं नसेल तर गप्पा जीमेलमध्ये मेलसारख्या साठत. दादाने नंतर टेकआउटने सगळं उतरवून घेतलं. एक एमबॉक्स फाईल, नोटपॅडमध्ये उघडते. गेल्या दिवाळीत त्याने "जेवलीस का" शोधून दाखवलं, तर उत्तरांची रांगच लागली. वहिनी लाजून आत गेल्या. जीटॉक गेलं, त्याच्या जागी आलेलं हँगआउट्सही नोव्हेंबर २०२२ मध्ये गेलं, वहिनींचं "हो, तू?" शाबूत आहे. आणि माझे गेल्या वर्षीचे मेसेज नाहीत. प्रगती!

तसंही ॲप जाणार हे धरूनच चालायला पाहिजे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला गेलं, याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ ला, आपलं देशी हाइक जानेवारी २०२१ मध्ये, स्काइप ५ मे २०२५ ला. यातलं प्रत्येक कधीतरी 'सगळेच वापरतात' असंच होतं. याहूच्या जुन्या गप्पांच्या फाईल्स आजही उघडतात त्याचं कारण तर मजेशीर आहे. त्यांचं कुलूप म्हणजे तुमच्याच युजरनेमने केलेलं साधं एक्सऑर. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा पोरगा ते उघडेल. भंगार सुरक्षा, पण बिचाऱ्या आठवणी वाचल्या.

"चॅटमध्ये असतं काय जपण्यासारखं? गुडमॉर्निंगची फुलं आणि ओके." हे मला लंचमध्ये तीन जणांनी ऐकवलं. लोकहो, आपण काय जपायचं ते आज कळत नाही, हीच तर अडचण आहे. सावित्रीबाई फुल्यांनी जोतिरावांना लिहिलेली तीन पत्रं आज आपल्याला वाचता येतात, १८५६, १८६८ आणि १८७७ सालची. बायकोने नवऱ्याला पाठवलेला घरचा मजकूर. शेवटचं जुन्नरजवळच्या ओतूरहून, दुष्काळात माणसं आणि गुरं कशी मरताहेत ते सांगणारं. ते लिहिताना दीडशे वर्षांनी कोणीतरी वाचेल असा काय त्यांच्या मनात विचार असणार! माझ्या बाबांच्या "१६३"ला इतिहासात जागा नको. डॉक्टरांच्या टेबलावर हवी होती, एवढंच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. चॅट दोघांचं असतं. समोरच्याने विश्वासाने लिहिलेलं मी माझ्या हार्डडिस्कवर आयुष्यभर का ठेवावं? यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एखाद्याला आपोआप पुसले जाणारे मेसेज हवे असतील तर त्याने तसं सेटिंग लावावं, मला ते मान्य. पण एप्रिल २०२५ पासून व्हॉट्सॲपमध्ये एक अशीही सोय आहे की समोरच्याने ती लावली तर त्या चॅटचं एक्स्पोर्टच बंद. भांडणाच्या, धमकीच्या, पैशांच्या देवाणघेवाणीच्या चॅटमध्ये ही सोय कोण लावेल याचा विचार करा. पत्र एकदा आपल्या पेटीत पडलं की ते आपल्याकडे राहतं, पाठवणारा येऊन परत नेत नाही. इथेही मला तेवढंच हवंय. ते जगाला दाखवायचं की नाही हा वेगळा प्रश्न, आणि तो सभ्यतेचा आहे.

कायद्याचं विचाराल तर आणखी चिडचिड. युरोपच्या जीडीपीआरमध्ये २०१८ पासून डेटा उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क आहे. आपल्याकडे न्या. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात तो होता, २०१९ च्या विधेयकातही होता. २०२३ चा कायदा झाला तेव्हा गायब! मी गेल्यावर माझ्या डेटाचे हक्क कोणी वापरायचे, त्यासाठी नॉमिनी नेमायची तरतूद मात्र आहे. जिवंतपणी न्यायचा हक्क नाही. जानेवारी २०११ मध्ये देशभर नंबर पोर्टेबिलिटी आली तेव्हा मोबाईल कंपन्या काही बुडाल्या नाहीत. दहा अंकी नंबर माझा मानला जातो, त्यावरून मी केलेला संवाद माझा का नाही?

असो. कंपन्या आणि संसद माझं वाचून बदलणार नाहीत, त्यामुळे सध्याचा देशी जुगाड. महिन्याच्या पहिल्या रविवारी पाच जणांचे चॅट एक्स्पोर्ट करतो. आई, बाबा, बायको, एक मित्र आणि घरमालक. (घरमालक सगळ्यात महत्त्वाचा, डिपॉझिट अडकलंय.) एक प्रत लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, दोन्ही एन्क्रिप्ट केलेल्या, आणि त्यांच्या किल्ल्या माझ्याकडे. दर वेळी एक फाईल उघडून खरंच वाचता येते का ते बघतो. अर्धा तास जातो. बायको याला सत्यनारायण म्हणते.

बाबांनी स्वतःपुरता प्रश्न सोडवलाय. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आई दुधाचा हिशोब लिहिते, त्याच चौकोनात आता कोपऱ्यात लाल पेनाने शुगर असते. जुनी कॅलेंडरं आई टाकत नाही, माळ्यावर १९९८ पासूनची आहेत. महिना संपला की बाबा त्या पानाचा फोटो काढून मला पाठवतात.

चॅटवर.